डोंगर ओलांडल्यावर पुढे काय?

कोल्हापुरात आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी मी मुलांना चित्रपट दाखवते. सकाळची शाळा सुटली की पोरं दप्तरासकट वर येतात, खिडक्यांवर सतरंज्या टांगायला मदत करतात आणि जागेसाठी भांडून एकदाची बसतात. बरीच वर्षं हे चालू आहे. सगळ्या तऱ्हेचे चित्रपट होतात, पण एक विषय मी दरवर्षी आवर्जून घेते. लढाईमुळे घरदार सोडून निघालेली कुटुंबं, आणि त्यांना मिळालेलं किंवा न मिळालेलं नवं घर.

"एवढ्या लहान मुलांना हे कशाला?" असं पालक विचारतात. मी त्यांना सांगते की युक्रेन आणि गाझातली दृश्यं मुलं मोबाईलवर आपल्या आधी बघून मोकळी झालेली असतात. त्यात त्यांना कोसळलेली इमारत दिसते. त्या इमारतीतून बाहेर पडलेली मुलगी पुढच्या आठवड्यात कुठे जेवते, कुठल्या शाळेत बसते, तिच्याशी कोण बोलतं, हे तिथे कळत नाही. चांगल्या बालचित्रपटात ते कळतं. एवढ्या वर्षांत जे हाती लागलं ते इथे मांडते, कुणा शिक्षकाच्या किंवा आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून.

१. निवड करताना चित्रपटाचा उत्तरार्ध आधी बघावा.

'द साउंड ऑफ म्युझिक' हा १९६५ सालचा चित्रपट अजूनही मुलांना बांधून ठेवतो. गाणी आहेत, सात भावंडं आहेत, शिस्तीचा बाप आहे. ऑस्ट्रियावर नाझींचा ताबा आल्यावर सगळं कुटुंब डोंगर चढून निघतं आणि चित्रपट संपतो. दिवे लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बाई, पुढं कुठं गेली ओ ती?" त्याला जोडून दुसरा, "आणि रात्री झोपली कुठं?"

हे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. मुलांच्या लेखी पळून जाणं म्हणजे गोष्टीचा शेवट नसतो. म्हणून मी त्यांना खरी हकीकत सांगते. ज्यांच्यावर हा चित्रपट आहे ते ट्रॅप कुटुंब डोंगर चढून गेलंच नाही. साल्झबर्गजवळचे ते डोंगर ओलांडले असते तर ते थेट हिटलरच्या जर्मनीत उतरले असते. १९३८ मध्ये ते सरळ आगगाडीत बसून इटलीला गेले. कॅप्टन ट्रॅप यांचा जन्म झादारचा. ते गाव पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेलं आणि त्यामुळे या कुटुंबाला इटलीचं नागरिकत्व होतं. एका जुन्या जन्मगावाने त्यांना वाट दिली. पुढे ते अमेरिकेत गाण्याचे कार्यक्रम करत हिंडले. व्हिसाची मुदत संपली म्हणून एकदा देश सोडून जावं लागलं, परत यावं लागलं. धाकटा मुलगा फिलाडेल्फियात जन्मला. मग व्हरमाँट राज्यात त्यांनी एक शेत घेतलं आणि तिथे रुजले.

डोंगराच्या दृश्यापेक्षा मुलं ही हकीकत जास्त कान देऊन ऐकतात. गाडीचं तिकीट, व्हिसा, नवं बाळ, शेत. तेव्हापासून माझी कसोटी ठरून गेली. कुटुंब सुखरूप पोहोचलं की पडदा पाडणारा चित्रपट एखाद्या गोड दुपारी दाखवायला ठीक. या विषयासाठी मात्र पोहोचल्यानंतरच्या दिवसांना ज्यात वेळ दिलाय, तोच मी निवडते.

२. मुलं सामानाकडे बघतात. त्यांना बघू द्यावं.

'हिटलरने गुलाबी ससा चोरला तेव्हा' हा कॅरोलिन लिंक यांचा २०१९ चा जर्मन चित्रपट. जुडिथ केर यांच्या १९७१ च्या पुस्तकावर तो आहे आणि पुस्तक त्यांच्या स्वतःच्या लहानपणावर. वडील आल्फ्रेड केर बर्लिनमधले नामांकित नाट्यसमीक्षक. ज्यू, आणि नाझींवर उघड लिहिणारे. मार्च १९३३ च्या निवडणुकीच्या तोंडावर ते आधी निसटले, मागोमाग बायको आणि दोन मुलं. गोष्टीत जुडिथच्या जागी असलेल्या नऊ वर्षांच्या ॲनाला एकच खेळणं न्यायची मुभा मिळते. ती नवा कुत्रा उचलते आणि वर्षानुवर्षं कुशीत घेतलेला ससा मागे राहतो. थोड्या दिवसांत परत यायचंच आहे, असा तिचा हिशेब असतो.

या दृश्याला हॉलमध्ये कुजबुज सुरू होते. प्रत्येक जण मनातल्या मनात आपलं कपाट उघडून बसलेला असतो. मी ती कुजबुज थांबवत नाही. मोठ्यांना वाटतं की खेळण्याच्या नादात मुलांचं मूळ गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. माझा अनुभव असा की मुलं खेळण्यातूनच मूळ गोष्टीत शिरतात. ससा गेला हे ज्याला लागलं, त्याला पुढे घरातला पियानो, पुस्तकं, सगळंच जप्त झालं हेही लागतं.

पुढचा भाग तर आणखी चांगला आहे. झुरिच, मग पॅरिस. घरात मोलकरीण नाही आणि आईला स्वयंपाकाची सवय नाही. बापाचं नाव मोठं, पण त्या नावाला परक्या गावात कुणी पैसे देत नाही. भाडं थकतं. शेवटी नेपोलियनच्या आईवर लिहिलेली एक पटकथा लंडनमध्ये विकली जाते आणि कुटुंबाला पुढची वाट सापडते. भाडं थकणं म्हणजे काय, हे आमच्या हॉलमधल्या बऱ्याच मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

सामानाचंच आणखी एक. 'दुनिया आणि अलेप्पोची राजकन्या' हा २०२२ चा कॅनडातला ॲनिमेशनपट आहे, आणि त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी मारिया झरीफ मूळच्या अलेप्पोच्याच. चिमुरडी दुनिया आजीआजोबांबरोबर सीरियातून निघते तेव्हा तिच्या मुठीत असतात कलौंजीचे दाणे. त्या दिवशी मी वाण्याकडून कलौंजी आणून एका वाटीत ठेवते. चित्रपटाआधी वाटी रांगेतून फिरते. पोरं हुंगतात, कुणी चार दाणे चावून बघतो, कुणी सांगतो की आमच्या लोणच्यात असते ही. मग पडद्यावर ते काळे दाणे आले की त्यांच्या बोटांना तोच वास येत असतो. अलेप्पो कुठे आहे, ते मी नंतर नकाशावर दाखवते.

३. एकच चित्रपट दाखवता येणार असेल तर 'बाशू' दाखवावा.

बहराम बेझाई यांनी १९८६ मध्ये केलेला हा इराणी चित्रपट, 'बाशू, छोटा परका'. मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या 'कानून' या संस्थेने काढलेला, तरी लढाई चालू असताना तो लोकांपुढे येऊ दिला नाही. पडद्यावर यायला १९८९ उजाडलं.

बाशू दक्षिणेतल्या खुजेस्तानचा. इराण-इराक युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याचं घर आणि माणसं डोळ्यांदेखत जळतात. तो दिसेल त्या ट्रकमध्ये चढून बसतो. जाग येते तेव्हा सगळीकडे हिरवंगार. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात येऊन पडलेला असतो. रस्त्याच्या कामाचे सुरुंग उडतात, आणि पोराला वाटतं की इथेही बॉम्ब आले. तो जीव खाऊन पळतो. विहिरीचे आणि खाणीचे सुरुंग आमच्या मुलांच्या ऐकण्यातले आहेत. हा मुलगा का पळतोय, हे मला कधी सांगावं लागलेलं नाही.

मग भाताच्या शेतातून नाई उभी राहते. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं, उघडे फक्त डोळे. सुसान तस्लिमी या अभिनेत्रीचे ते डोळे मी कितीदा पाहिले, तरी दर वेळी नव्याने बघते. नाईचा नवरा कामासाठी परगावी आहे, पदरात दोन लहान मुलं, शेत एकटीच्या अंगावर. या परक्या पोराला ती आधी हाकलते, मग त्याच्यासाठी भाकरी ठेवते. तो बोलतो अरबी, ती बोलते गिलकी. एकमेकांचं काही कळत नाही. ती एकेक वस्तू उचलून तिचं नाव सांगते, तो त्याच्या बोलीतलं नाव सांगतो. पक्ष्यांचे आणि जनावरांचे आवाज ती इतके हुबेहूब काढते की पोरगं चकित होतं.

गावाला हा काळासावळा मुलगा खपत नाही. नातेवाईक येऊन नाईला चार शब्द सुनावतात. तिलाही आधी वाटतं की हा मळ आहे, आणि ती त्याला पाण्यात बसवून साबणाने खसखसून घासते. रंग काही जात नाही. या ठिकाणी आमच्याकडे हशा पिकतो. मी तो पिकू देते. थोड्या वेळाने तेच गाव त्याच रंगावरून त्याला छळायला लागतं, तेव्हा हॉल आपोआप शांत होतो. रंगावरून चिडवणं आमच्या शाळांच्या मैदानावर रोज चालतं. हसणाऱ्यांनाही ते माहीत असतं आणि ज्यांना चिडवतात त्यांनाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नाईचा संसार. तिच्याकडे देण्यासारखं फाजील काही नाही. नवऱ्याची पत्रं येतात, त्याला हे आणखी एक तोंड नको असतं. ती आजारी पडते तेव्हा तोच मुलगा घर सांभाळतो, तिच्यासाठी जिवाच्या आकांताने ढोल वाजवतो. ती नवऱ्याला कळवते की हा माझा मुलगा आहे. आणि शेवटी नवरा परत येतो तो एक हात गमावून. त्या घराला आता बाशूच्या हातांची गरज आहे. तेवढ्यात शेतात रानडुक्कर शिरतं आणि सगळं घर आरडाओरडा करत त्याला हाकलायला धावतं. रानडुक्कर म्हटल्यावर राधानगरी-शाहूवाडीकडची मुलं ताठ बसतात. त्यांच्या घरी भाताची राखण असते, पत्र्याचे डबे बडवत रात्री काढलेल्या असतात. एक मुलगा मला म्हणाला, "आता त्याला कोण काढतंय ओ? राखणीला गेला की तो." घर मिळणं म्हणजे काय, यावर याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. घरच्या राखणीत ज्याला धरलं, तो घरचा.

४. पडद्यावरचं सगळं मराठीत सांगू नये.

पाचवी-सहावीतल्या मुलांना इंग्रजी अक्षरं पळताना वाचता येत नाहीत, म्हणून मी माईक घेऊन मराठीत सांगत बसते. 'बाशू'ला मात्र निम्म्या वेळा गप्प राहते. तेहरानच्या प्रेक्षकालाही त्यातलं पुष्कळ बोलणं समजत नसणार, आणि ते तसंच असायला हवं. न समजण्याची ती अडचण मुलांनी थोडा वेळ सोसली की बाशूच्या जागी बसणं म्हणजे काय ते त्यांना कळतं. फक्त एक जागा मी सांगते. गावातल्या पोरांशी मारामारी होते, बाशू खाली पडलेलं शाळेचं पुस्तक उचलतो आणि फारसीतला धडा घडाघडा वाचायला लागतो. पोरं थबकतात. शाळेच्या पुस्तकातली भाषा दोन्हीकडे एकच असते.

५. प्राण्यांच्या गोष्टींना कमी लेखू नये.

दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी मी 'ॲन अमेरिकन टेल' आणि 'पॅडिंग्टन' घेते. पहिल्यात, डॉन ब्लूथ यांच्या १९८६ च्या चित्रपटात, रशियातल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांची गोष्ट उंदीर-मांजरांतून येते. अमेरिकेत मांजरं नसतात, या भरवशावर उंदरांचं कुटुंब बोटीत बसतं. तिथे उतरल्यावर मांजरं असतातच. छोट्या फिव्हेलचं नाव निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी आपल्या आजोबांवरून ठेवलं.

'पॅडिंग्टन'मधलं अस्वल पेरूहून येतं ते भूकंपानंतर, युद्धामुळे नव्हे. तरी मी तो या विषयात धरते, गळ्यातल्या चिठ्ठीमुळे. मायकल बाँड यांनी लहानपणी दुसऱ्या महायुद्धात स्टेशनवर पाहिलेली मुलं त्यांच्या मनात घर करून होती. शहरांवर बॉम्ब पडतील म्हणून खेड्यांत पाठवलेली, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवलेली. पुस्तकातले ग्रूबर आजोबा त्यांनी आपल्या एजंटवरून घेतले, आणि तो जर्मनीतून निसटून आलेला ज्यू होता. २०१४ च्या चित्रपटात ग्रूबर अस्वलाला सांगतात की देशात संकट आलं तेव्हा आईवडिलांनी आपल्यालाही आगगाडीत बसवून असंच दूर पाठवलं होतं. नोव्हेंबर १९३८ नंतर अशी जवळजवळ दहा हजार मुलं, बहुतेक ज्यू, ब्रिटनमध्ये आली. पुष्कळांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. चित्रपट हे सगळं सांगत नाही, आणि दुसरीतल्या मुलांना मीही सांगत नाही. आधी येऊन स्थिरावलेला एक म्हातारा नव्याने आलेल्याला चहा देतो, एवढं त्यांना पुरतं.

६. आसरा देणारं माणूस कधीकधी आखडतं, हेही दाखवावं.

इसाओ ताकाहाता यांचा 'काजव्यांचं थडगं' मी आठवीच्या खाली दाखवत नाही. १९८८ मध्ये जपानात तो 'टोटोरो' या निखळ आनंदी चित्रपटाच्या जोडीने लागला होता. मी तसं करत नाही. त्याच्यानंतर मुलांना मोकळी संध्याकाळ हवी.

१९४५ चं कोबे शहर. आगीच्या बॉम्बवर्षावात आई जाते. सेइता आणि धाकटी सेत्सुको मावशीकडे राहायला येतात. सुरुवातीला सगळं नीट चालतं. मग मावशी आईची किमोनो विकून तांदूळ आणायला सुचवते, मग या दोघांच्या वाडग्यात भात कमी आणि पाणी जास्त पडू लागतं, मग टोमणे सुरू होतात. पोरं घर सोडून तळ्याकाठच्या एका ओसाड खंदकात जातात. पुढचं मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या कथेवर हा चित्रपट आहे, त्या नोसाका यांची धाकटी बहीण त्याच वर्षी उपासमारीने गेली होती.

या मावशीवरून आमच्याकडे मोठा वाद होतो. बहुतेक मुलं तिला सरळ दुष्ट ठरवतात. एकदा नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "तिच्या घरातबी धान्य तेवढंच हाय की. तिनं काय करायचं?" दुसरी ताडकन म्हणाली, "मग बोलायचं नाही. भात कमी वाढला तरी चालतो, बोलायचं नाही." मी मध्ये पडले नाही. ज्यांच्या घरी गावाकडचे नातेवाईक शिकायला म्हणून येऊन राहिलेले असतात, त्या मुलींना या स्वयंपाकघरातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला स्वतःला दुसरीचं म्हणणं पटतं.

७. आपल्या गावात कोण आलं होतं, ते मुलांना माहीत हवं.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे आहे. १९४३ पासून पुढची चार-पाच वर्षं तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, मुख्यतः बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून उचलून त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर हाडाची काडं झालेली ही माणसं इराणमार्गे बाहेर पडली. वळिवड्याला त्यांच्या बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती, बालवीरांची पथकं होती.

इराणमध्ये ते उतरले होते कॅस्पियनकाठच्या पहलवी बंदरात, आजच्या अंजलीत. म्हणजे गिलान प्रांतात, नाईच्या मुलखात. पुढे त्यांच्यातले बरेच अहवाजच्या छावणीतून गेले, आणि अहवाज खुजेस्तानात आहे, बाशूच्या मुलखात. बाशू ज्या वाटेने वर गेला, त्याच वाटेने चाळीसेक वर्षं आधी पोलिश मुलं खाली आली आणि त्यांतली काही पंचगंगेकाठी पोहोचली. 'बाशू'नंतर मी नकाशावर लाल पेन्सिलीने ही रेघ ओढते. वळिवड्यावर पेन्सिल टेकली की पोरं उठून पुढे येतात.

गोष्ट तिथेही थांबत नाही. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा तिकडे जातो, पण त्या पेठेच्या तळाशी छावणी आहे हे फार थोड्यांना ठाऊक. गांधीनगरच्या एका मुलाला मी घरी विचारून यायला सांगितलं होतं. तो पणजीची आठवण घेऊन आला. कराचीहून बोटीने आली होती, बराकीत दोन कुटुंबांना मिळून एक खोली, मध्ये साडी बांधलेली. साडीपलीकडल्या घराशी पुढे सोयरीक झाली. तो हे सांगत होता तेव्हा मागच्या रांगेतली पोरं गुडघ्यांवर उभी राहून ऐकत होती.

वळिवड्यावर मराठीत एक चांगला बालचित्रपट व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात मराठी चित्रपट वाढला, त्याच्या वेशीवरची ही गोष्ट आहे. कुणी मनावर घेतलं तर दोन बराकी, एक पोलिश मुलगी आणि भाजी घेऊन येणारी वळिवड्याची एक बाई, एवढ्यावर भागेल.

८. चित्रपट संपल्यावर आधी खाऊ, मग बोलणं.

"काय शिकलात?" हे विचारलं की पाठ केलेली उत्तरं येतात. शांतता हवी, युद्ध वाईट. मी चिरमुरे वाटते आणि मग एखादा बारीक प्रश्न टाकते. ॲनाच्या आईने पॅरिसमध्ये पहिल्या दिवशी काय रांधलं असेल? बाशूला शाळेत कुणाशेजारी बसवलं असेल? मुलं भांडतात, चित्रं काढतात. कुणी काहीच बोलत नाही, तेही चालतं.

९. ॲनिमेशन म्हणजे मुलांसाठी, असं धरून चालू नये.

हे विशेषतः शाळांना सांगायचं आहे, कारण चित्रं हलताना दिसली की चित्रपट थेट प्राथमिक विभागात लावतात. 'पर्सेपोलिस' किंवा 'फ्ली' हे दोन्ही ॲनिमेशनपट आहेत आणि दोन्ही मोठ्यांचे आहेत. 'ब्रेडविनर' हा काबूलमधल्या परवाना नावाच्या मुलीचा २०१७ चा चित्रपट सातवीपासून पुढे चालतो, पण आधी स्वतः पूर्ण बघून. माझा ढोबळ हिशेब असा : तिसरीपर्यंत 'पॅडिंग्टन' आणि फिव्हेल, तिसरी-चौथीला 'दुनिया', पाचवी-सहावीला 'बाशू' आणि गुलाबी ससा, आठवीनंतर ताकाहाता. 'फ्ली' मी शिक्षकांना दाखवते. अफगाणिस्तानातून मॉस्कोमार्गे डेन्मार्कला पोहोचलेला एक मुलगा आपल्या घरच्यांबद्दलचं खरं किती वर्षं कुणालाच सांगू शकत नाही, ते त्यात आहे. वर्गात नव्याने येऊन मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी खोदून खोदून विचारू नये, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.